जर्मनीत नव्याने राहायला येताय? सुरुवात पत्रपेटीपासून करा

नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी जर्मनीत आलेल्या माणसाची पहिल्या दोन महिन्यांत जी कामं अडतात, त्यांतली बरीचशी एकाच कारणाने अडतात. पत्र आलेलंच नसतं. बँकेचं कार्ड, कराचा नंबर, आरोग्य विम्याचं कार्ड, परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची तारीख, सगळं अजूनही टपालाने येतं. आणि टपाल पोचवणारा माणूस फ्लॅट नंबर बघत नाही, कारण इथल्या पत्त्यात बहुतेक ठिकाणी फ्लॅट नंबरच नसतो. रस्त्याचं नाव, इमारतीचा क्रमांक, पिनकोड आणि शहर, इतकाच पत्ता. बारा बिऱ्हाडांच्या इमारतीत तुमचं बिऱ्हाड ओळखायचं ते फक्त पत्रपेटीवरच्या आडनावावरून. ते नाव नसेल तर पत्र "या पत्त्यावर आढळत नाही" असा शेरा मारून परत जातं आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून किल्ली हातात आल्या दिवशी पहिलं काम हे. पत्रपेटीवर आणि दारावरच्या घंटीवर आडनाव लावा. छापील पट्टी घरमालक किंवा इमारतीचा व्यवस्थापक नंतर देईल. तोवर कागदावर ठळक रोमन अक्षरांत लिहून पारदर्शक चिकटपट्टीने चिकटवा. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लावा. कोणाच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहत असाल तर पत्त्यात तुमच्या नावाखाली "बाय" (bei) हा जर्मन शब्द आणि मूळ भाडेकरूचं आडनाव लिहायला सगळ्यांना सांगा.

नाव कसं लिहायचं

आपल्याकडच्या तीनपदरी नावाचा इथे हमखास गोंधळ होतो. पासपोर्टात "गिव्हन नेम" या रकान्यात आपलं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, म्हणजे "स्नेहल अमोल", आणि आडनाव "जाधव". जर्मन कार्यालय रकाने जसेच्या तसे उचलतं. त्यामुळे कागदोपत्री तुमचं पहिलं नाव "स्नेहल अमोल" होतं. यात चूक काही नाही, पण मग सगळीकडे तेच लिहा. बँकेत नुसतं "स्नेहल", विम्यात "स्नेहल ए." आणि नोकरीच्या करारात तिसरंच, असं झालं की यंत्रणा तुम्हाला तीन वेगळ्या व्यक्ती समजते आणि विमा कंपनीचं पत्र नोकरी देणाऱ्या मालकाकडच्या नोंदीशी जुळत नाही. लग्नानंतर नाव बदललं असेल आणि पदवीवर जुनं नाव असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला हाच दोन नावांमधला पूल. तो मूळ प्रतीसह आणा. त्याच्या प्रमाणीकरणाबद्दल आणि शपथबद्ध अनुवादकाने केलेल्या जर्मन भाषांतराबद्दल ज्या शहरात जाणार तिथल्या कार्यालयाला निघण्यापूर्वी ईमेलने विचारा. मागण्या शहरागणिक बदलतात, आणि भारतातून कागद पुन्हा प्रमाणित करून मागवण्यात महिने जातात.

निघण्यापूर्वी सामानाबद्दल दोन गोष्टी

युरोपीय संघात भारतातून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, खवा, चक्का यांत सगळं आलं. ताजी फळं, भाज्या आणि पानांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढीच सुटलेली आहेत. म्हणजे हापूसची पेटी आणि कढीपत्त्याची जुडी घरीच ठेवा. वाळवलेले मसाले, पापड, लोणची चालतात. विमान दुबई किंवा अबू धाबीमार्गे असेल तर खसखस सामानात अजिबात नको. संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांत मोडते आणि नुसता विमान बदलणारा प्रवासीही अडचणीत येतो. घरच्या गोड्या मसाल्यात खसखस घालत असाल तर ही खेप तिच्याशिवाय कुटा. जर्मनीत खसखस "मोन" नावाने कुठल्याही किराणा दुकानात मिळते, फक्त ती निळसर-काळी असते.

औषधं स्वतःच्या वापराची, जास्तीत जास्त तीन महिन्यांची आणा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत. तेवढ्या वेळात इथला डॉक्टर मिळवून तीच औषधं सुरू करता येतात.

घर: काय विचारायचं, कशावर सही करायची

जाहिरातीत दोन भाडी दिसतात. "काल्टमीटे" म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. त्यात "नेबेनकॉस्टेन" म्हणजे पाणी, कचरा, जिना-सफाई, बहुधा हीटिंग वगैरे मिळवलं की "वार्ममीटे" होते. घरातली वीज आणि इंटरनेट सहसा त्यातही धरलेलं नसतं. नेबेनकॉस्टेन हा अंदाजाने घेतलेला हप्ता आहे. वर्षअखेर प्रत्यक्ष हिशेब होतो आणि घरमालकाने तो हिशेबाचं वर्ष संपल्यापासून 12 महिन्यांत द्यायचा असतो. हीटिंग जास्त वापरलं असेल तर काही शे युरोंची मागणी एकदम येऊ शकते. पहिल्या वर्षी त्यासाठी थोडे पैसे बाजूला ठेवा.

अनामत रक्कम, म्हणजे "कौत्सिओन", जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेएवढी. ती तीन मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. पहिला पगार हातात यायच्या आत एकरकमी मोठी रक्कम काढणं जड जात असेल तर हा हक्क नि:संकोच वापरा. घर बघण्याआधी कोणी पैसे मागितले, "मी सध्या परदेशात आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो" असं म्हटलं, तर ती फसवणूक आहे. फोटो कितीही सुंदर असोत.

आपल्याकडून आलेल्यांना धक्का देणारी गोष्ट म्हणजे अनेक घरांत स्वयंपाकघर नसतं. म्हणजे खोली असते, पण ओटा, सिंक, शेगडी काही नाही; भिंतीतून नळाची टोकं बाहेर आलेली. छतावर दिव्यांऐवजी नुसत्या वायरी. आधीचा भाडेकरू आपलं स्वयंपाकघर काढून नेतो किंवा नव्या भाडेकरूला विकतो. जाहिरातीत "आइनबाउक्युशे" लिहिलं असेल तर ओटा आहे असं समजा, आणि तो भाड्यात आहे की विकत घ्यायचा हे विचारून घ्या.

घर ताब्यात घेताना "युबरगाबे-प्रोटोकोल" करतात, म्हणजे घराच्या स्थितीचा लेखी पंचनामा. इथे घाई करू नका. फरशीवरचा ओरखडा, खिडकीची न लागणारी कडी, न्हाणीघरातला काळा डाग, सगळं लिहून घ्या, फोटो काढा. वीज, गॅस आणि हीटिंगच्या मीटरचा आकडा मीटर क्रमांकासह फोटोत आला पाहिजे. जे लिहिलं नाही ते घर सोडताना तुमच्या अनामतीतून वसूल होऊ शकतं.

विजेची जोडणी तोडलेली नसते, त्यामुळे दिवे पहिल्या दिवसापासून लागतात आणि स्थानिक मूळ पुरवठादार आपोआप तुमचं बिल सुरू करतो. हा दर बहुधा महाग असतो. दोन आठवड्यांच्या सूचनेने तो सोडता येतो, तेव्हा पहिल्या महिन्यातच दुसरा पुरवठादार बघा.

किल्लीबद्दल एक. घराचं दार नुसतं ओढलं तरी बंद होतं आणि बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. कचरा टाकायला खाली गेलात, दार आपटलं, की सुट्टीच्या दिवशी कुलूपवाल्याला भरपूर पैसे मोजावे लागतात. जास्तीची किल्ली विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. बोलवावाच लागला तर फोनवरच एकूण रक्कम ठरवून घ्या. "प्रिवाट-हाफ्टप्फ्लिष्ट" नावाचा विमा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा, वर्षाला थोडक्या पैशांत मिळतो. त्यात हरवलेल्या किल्लीचा खर्च धरलेला आहे ना हे बघून घ्या, कारण एक किल्ली हरवल्याने अख्ख्या इमारतीची कुलपं बदलायची वेळ येऊ शकते.

अनमेल्डुंग आणि त्यामागची साखळी

घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेच्या नागरिक कार्यालयात, "बुर्गरआम्ट"मध्ये, पत्त्याची नोंद करायची. हीच "अनमेल्डुंग". बर्लिनसारख्या शहरात वेळ मिळायलाच आठवडे लागतात, म्हणून घर नक्की झाल्याबरोबर ऑनलाइन वेळ घ्या. सकाळी कार्यालय उघडायच्या सुमारास रद्द झालेल्या वेळा दिसू लागतात. शहरातल्या कुठल्याही शाखेत गेलात तरी चालतं. सोबत पासपोर्ट, व्हिसा, भरलेला अर्ज, कुटुंब असेल तर विवाह आणि जन्म दाखले, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, "व्होनुंग्सगेबर-बेश्टेटिगुंग". नाव लांब आहे, कागद एका पानाचा आहे: हा माणूस अमुक तारखेपासून माझ्या घरात राहतो, अशी घर देणाऱ्याची सही. भाडेकरार दाखवून चालत नाही. पहिल्या महिन्यासाठी तात्पुरती खोली घेताना "हा कागद मिळेल का" हे पैसे भरण्याआधी विचारा. अनेक तात्पुरत्या जागा तो देत नाहीत आणि मग पुढचं सगळं ठप्प होतं.

अर्जात धर्माचा रकाना असतो. तिथे कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं की पगारातून चर्च कर कापला जातो: बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेमबर्ग या राज्यांत आयकराच्या 8 टक्के, बाकी राज्यांत 9 टक्के. गोव्याच्या किंवा वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांना याची आधी कल्पना असावी. हिंदू, बौद्ध, मुस्लिम यांच्याकडून असा कर कापत नाहीत.

नोंदणीचा दाखला हातात आला की पुढची कडी आपोआप हलते. दोन ते चार आठवड्यांत 11 अंकी कर-क्रमांक, "श्टॉयर-आयडी", टपालाने येतो. तो आयुष्यभर एकच राहतो. तो वेळेत मालकाला दिला नाही तर पगारावर सहाव्या, म्हणजे सर्वांत जड, कर-वर्गाने कर कापला जाऊ शकतो (पगारातून किती कर कापायचा ते या वर्गावर ठरतं). जास्तीचा कर पुढे परत मिळतो, पण पहिल्याच महिन्यात हात आखडतो. विवाहित जोडप्याला बहुधा दोघांना चौथा वर्ग मिळतो. एकाचाच पगार असेल किंवा दोघांच्या पगारात मोठा फरक असेल तर तीन आणि पाच हा जोडवर्ग (एकाला तिसरा, दुसऱ्याला पाचवा) मागता येतो.

बँक खात्यासाठी बहुतेक बँका नोंदणी दाखला मागतात. युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाला साधं खातं, "बाजिसकोन्टो", मिळण्याचा हक्क आहे, तेव्हा एका बँकेने नाही म्हटलं म्हणून हताश होऊ नका. कार्ड आणि पिन वेगवेगळ्या दिवशी दोन पाकिटांत येतात. एकच आलं म्हणून दुसरं हरवलं असं समजून घाईने नवं मागवू नका, कारण नवं मागवलं की जुनं निकामी होतं. खात्यातून थेट रक्कम वळती करण्याची परवानगी इथे सर्रास द्यावी लागते. चुकीची रक्कम कापली गेली तर आठ आठवड्यांच्या आत कारण न देता ती परत मागता येते.

याच नोंदणीवरून काही आठवड्यांत सार्वजनिक रेडिओ-दूरचित्रवाणीच्या शुल्काचं पत्र येतं. ते खरं असतं, फेकून देऊ नका. घरात टीव्ही असो वा नसो, प्रत्येक घरामागे महिन्याला 18.36 युरो, साधारणतः तीन महिन्यांचे मिळून 55.08. एका घरात चौघे राहत असतील तर एकानेच भरायचं आणि इतरांनी त्याचा ग्राहक क्रमांक कळवायचा. उत्तरच दिलं नाही तर घरातल्या प्रत्येकाच्या नावाने मागणी सुरू होते.

पत्रं कशी वाचायची

आठवड्यातून दोनदा तरी पेटी उघडा. कुठलंही सरकारी पत्र आलं की फोनवर भाषांतर करून आधी दोन गोष्टी शोधा: मुदतीची तारीख आणि संदर्भ क्रमांक. "फ्रिस्ट" म्हणजे मुदत. "माहनुंग" म्हणजे थकबाकीची ताकीद. "बेशाइड" म्हणजे निर्णय, आणि त्याविरुद्ध हरकत घ्यायला बहुधा एक महिना मिळतो. पिवळं पाकीट आलं तर जास्त सावध. ते पेटीत टाकल्याची तारीख पोस्टमन पाकिटावरच लिहितो आणि मुदत तिथून मोजतात, तुम्ही उघडलं तिथून नाही. पाकीट जपून ठेवा.

दोन छिद्रं पाडलेल्या कागदांची एक जाड फाइल आणि विषयवार रंगीत पुठ्ठे आणा: घर, नोकरी, विमा, कर, व्हिसा. मूळ कागद इथे वर्षानुवर्षं विचारले जातात.

करार तोडण्याचीही रीत आहे. मोबाइल, इंटरनेट, व्यायामशाळा यांचे करार 24 महिन्यांपर्यंत बांधून ठेवू शकतात. मार्च 2022 पासून केलेले यांतले करार मूळ मुदत संपली की एका महिन्याच्या सूचनेने सोडता येतात. संकेतस्थळावर करार केला असेल तर तिथेच रद्द करण्याचं बटण असतं. घराचा करार मात्र ईमेलने सुटत नाही. हाताने सही केलेलं पत्र महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत घरमालकाला पोचलं तर तो महिना धरून तीन महिन्यांनी घर सुटतं. एक दिवस उशीर झाला की एका महिन्याचं भाडं जास्त. म्हणून ते नोंदणीकृत टपालाने आठवडाभर आधी टाका.

आजारपण

नोकरदाराला सार्वजनिक विमा निवडता येतो. मूळ हप्ता पगाराच्या 14.6 टक्के, वर विमा संस्थेचा जादा भाग, आणि निम्मा भार मालक उचलतो. नोकरी नसलेला जोडीदार आणि मुलं त्यातच मोफत धरली जातात, पण अर्ज करावा लागतो. तरुण आणि एकट्या माणसाला खाजगी विमा स्वस्त दिसतो. कुटुंब वाढलं की प्रत्येकाचा हप्ता वेगळा, आणि सार्वजनिक विम्यात परतणं फार अवघड. कुटुंबासह राहायचं असेल तर सार्वजनिक विमाच घ्यावा.

ठणठणीत असतानाच जवळचा "हाउसआर्त्स्ट", म्हणजे घरचा डॉक्टर, शोधून ठेवा. सगळे नवे रुग्ण घेतातच असं नाही. तीन दिवसांपेक्षा जास्त आजारी असाल तर चौथ्या दिवशी डॉक्टरचा दाखला झालेला हवा, आणि काही करारांत तो पहिल्याच दिवशी मागतात. आजारी असल्याचं मालकाला मात्र पहिल्याच सकाळी कळवायचं. रात्री किंवा शनिवार-रविवारी ताप उतरत नसेल तर 116117 वर फोन करा. जिवावरचं असेल तर 112. पोलिसांसाठी 110. डॉक्टरने लिहिलेल्या औषधावर आपला वाटा 10 टक्के, किमान 5 आणि कमाल 10 युरो.

स्वयंपाकघर

विजेचा दाब भारतासारखाच, 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ. त्यामुळे आपला मिक्सर इथे नीट चालतो, अडतो फक्त तीन पिनांचा प्लग. विमानतळावरचे स्वस्त प्रवासी अडॅप्टर अर्थिंग जोडत नाहीत. मिक्सरसाठी अर्थिंग असलेला, अँपिअर लिहिलेला अडॅप्टर घ्या.

कुकर आणण्याआधी शेगडी कोणती ते विचारा. काळ्या काचेच्या दोन शेगड्या दिसायला सारख्या असतात. एक "सेरान", जिच्या काचेखालची तार लाल होते, दुसरी इंडक्शन. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला तर चालेल, नाही तर नाही. सपाट बुडाचा, इंडक्शनवर चालणारा स्टीलचा तीन किंवा पाच लिटरचा कुकर दोन्हीकडे चालतो, तोच आणा. सोबत दोन जादा गॅस्केट आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह. आपल्या मापाची गॅस्केट इथल्या साध्या दुकानात मिळत नाहीत.

सेरानची एक खोड आहे. ती सावकाश तापते आणि बंद केली तरी बराच वेळ तापलेली राहते. आच कमी करून भागत नाही, भांडं उचलूनच बाजूला ठेवावं लागतं. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता हाताशी मांडून मगच तेल तापवा. मोहरी तडतडली की कढई उचला आणि बाकीचं बाजूला घाला, नाही तर हिंग करपतो. कुकरच्या तीन शिट्ट्या हव्या असतील तर दुसरीनंतरच शेगडी बंद करा. पोळ्यांसाठी तवा पाच मिनिटं आधी तापत ठेवा. फुलका जाळावर टाकता येत नाही, तेव्हा दुसरी बाजू झाली की घडीच्या फडक्याने कडेकडेने दाबा. पोळी तव्यावरच टम्म फुगते.

धुराची सूचक यंत्रं झोपायच्या खोल्यांत आणि बोळात कायद्याने बसवलेली असतात. फोडणीच्या धुराने ती कर्कश वाजतात. स्वयंपाकघराचं दार बंद ठेवा आणि खिडकी पूर्ण उघडा. दार उघडं टाकून खिडकी उघडली की वाऱ्याने धूर उलट बोळात जातो आणि यंत्र हमखास वाजतं. बॅटरी काढून ठेवू नका.

आता पिठं. पाकिटावरचा "टाइप 405" हा आकडा 100 ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते ते सांगतो. आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त. 405 म्हणजे आपला मैदा. 1050 आणि बारीक दळलेलं "फोलकॉर्न", म्हणजे अख्ख्या गव्हाचं, निम्मं निम्मं मिसळून, थोडं सैलसर मळून अर्धा तास झाकून ठेवलं तर पोळ्या बऱ्या होतात. भारतीय दुकानातल्या आट्याची सर त्याला नाही, पण अडीअडचणीला चालतं. रवा दोन जातींचा मिळतो. "वाइशवाइत्सेनग्रीस" शिऱ्याला, "हार्टवाइत्सेनग्रीस" उपम्याला. दुसरा कठीण गव्हाचा असल्यामुळे दाणा मोकळा राहतो. तूरडाळ, पोहे, ज्वारी-बाजरीचं पीठ भारतीय दुकानात. कोथिंबिरीच्या भरगच्च जुड्या, पुदिना, भेंडी, मसूर, काबुली चणे तुर्की दुकानात, आणि तिथे भावही बरे असतात.

तूप घरी कढवा. त्यासाठी "झाउअरराम" लिहिलेलं लोणी घ्या. ते विरजलेल्या सायीचं, किंचित आंबट असतं, त्यामुळे तुपाला घरच्या लोण्यासारखा वास येतो. नुसत्या गोड सायीच्या लोण्याचं तूप होतं, पण सपक लागतं. लोण्यात 82 टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे 250 ग्रॅमच्या वडीतून साधारण 200 ग्रॅम तूप. मंद आचेवर बुडबुड्यांचा आवाज मंदावला आणि बेरी बदामी झाली की लगेच गाळा, सेरानवर ठेवून दिलंत तर बेरी करपते.

श्रीखंडाला दह्याचा चक्का करत बसायला नको. "क्वार्क" म्हणजे इथला चक्क्यासारखा पदार्थ, तो आणा, 40 टक्क्यांचा. हा आकडा पाणी वगळून उरलेल्या भागातल्या स्निग्धांशाचा आहे. प्रत्यक्षात तो 11 टक्क्यांच्या आसपास भरतो, तेव्हा आकडा बघून दचकू नका. 500 ग्रॅम क्वार्क मलमलीच्या फडक्यात दोन-तीन तास टांगून ठेवला की पाणी निथळतं. मग दीडशे ते दोनशे ग्रॅम पिठीसाखर, वेलदोडा, दुधात खललेलं केशर. साय काढलेल्या दुधाचा "मागरक्वार्क" घेऊ नका, श्रीखंड खडूसारखं लागतं.

म्युनिकसारख्या शहरात पाणी जड आहे. डाळ शिजत नाही याचं कारण बहुतेक वेळा डाळ नसते, पाण्यातलं कॅल्शियम असतं. ते डाळीच्या सालीतल्या आणि पेशींच्या भिंतींमधल्या पेक्टिनशी बांधलं जातं. गाळणीच्या जगमधलं पाणी वापरा किंवा भिजवताना चिमूटभर खायचा सोडा घाला. किटलीतला पांढरा थर काढायला एक लिटर थंड पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड घालून अर्धा तास ठेवा. ते उकळू नका, उकळलं की न विरघळणारा नवाच थर बसतो.

ऊब आणि हवा

हिवाळ्यात आपण खिडक्या घट्ट लावून बसतो. कुकरची वाफ, आंघोळीची वाफ, दोरीवरचे ओले कपडे, सगळं पाणी भिंतीवर जातं आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. मग घरमालक म्हणतो हवा खेळवली नाही, आणि अनामत अडकते. उपाय एकच. दिवसातून दोन-तीन वेळा समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडा, कडाक्याच्या थंडीत पाच मिनिटं पुरतात. तेवढा वेळ हीटरचा नॉब बंद. खिडकी नुसती तिरकी उघडी ठेवून दिवसभर सोडणं सगळ्यांत वाईट: हवा फारशी बदलत नाही, पण चौकटीभोवतीची भिंत गार पडते आणि बुरशी नेमकी तिथेच येते. नॉबवरचा 3 म्हणजे सुमारे 20 अंश. 5 वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते. बाहेरच्या भिंतीपासून कपाट चार बोटं पुढे ठेवा. आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र आणा. काटा 40 ते 60 टक्क्यांत राहिला पाहिजे.

कचरा, बाटल्या, शांतता

निळ्या डब्यात कागद, तपकिरीत भाजीपाल्याची देठं आणि चहाचा चोथा, पिवळ्यात रिकामी वेष्टनं, काळ्यात किंवा करड्यात उरलेलं. रंग शहरागणिक थोडे बदलतात, डब्यावरचं चित्र बघा. काच रंगानुसार चौकातल्या टाक्यांत, निळी काच हिरव्यात. रविवारी काच टाकू नका, आवाजाची तक्रार होते.

पेयांच्या बाटल्यांवर परत मिळणारी अनामत असते: एकदाच वापरायची बाटली वा डबा 25 सेंट, पुन्हा भरली जाणारी 8 किंवा 15. डबा चेपू नका, यंत्राला खूण वाचता आली नाही की पैसे मिळत नाहीत. मोजणी झाली की बटण दाबून चिठ्ठी घ्या आणि गल्ल्यावर द्या.

रात्री 10 ते सकाळी 6 आणि रविवारी दिवसभर शांतता. मिक्सर, ड्रिल या वेळांत नाही. वाटण शनिवारी संध्याकाळी करून ठेवा. रविवारी दुकानंही बंद असतात, तेव्हा दूध-भाजी शनिवारीच.

गाडी, प्रवास, व्हिसा

भारतीय वाहन परवाना राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. सक्तीचे तास माफ असतात, पण डोक्यात डावीकडून चालवण्याची सवय मुरलेली असते, म्हणून काही तास घ्याच.

देशभराचं मासिक तिकीट, "डॉइचलांडटिकेट", मे 2023 मध्ये 49 युरोंना सुरू झालं, जानेवारी 2026 पासून 63 युरो. उपनगरी आणि प्रादेशिक गाड्यांत चालतं, वेगवान आयसीई गाड्यांत नाही. महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द केलं तरच पुढच्या महिन्याचे पैसे वाचतात. तिकिटाशिवाय सापडलात तर 60 युरो.

निवास परवान्याचा अर्ज व्हिसा संपायच्या आत परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडे, "आउसलेंडरबेहोर्डे"कडे, गेलाच पाहिजे. वेळ मिळत नसेल तर अर्ज लेखी पाठवा आणि पाठवल्याचा पुरावा ठेवा. मधल्या काळासाठी मिळणाऱ्या दाखल्यावर कोणत्या कलमाची खूण आहे ते पाहा: निवास कायद्याच्या परिच्छेद 81 मधलं उपकलम 4 असेल तर भारतात जाऊन परत येता येतं, 3 असेल तर त्या कागदावर परत येता येत नाही. गणपतीला किंवा दिवाळीला जाण्याचं तिकीट काढण्याआधी हा कागद उलगडून बघा. पासपोर्ट संपत आला असेल तर बर्लिनचा दूतावास किंवा फ्रँकफर्ट, हॅम्बुर्ग, म्युनिकचे वाणिज्य दूतावास नूतनीकरण करतात. परवाना सहसा पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत, म्हणून आधी पासपोर्ट, मग परवाना.

मुलं सोबत असतील आणि निवास परवाना नोकरीचा असेल तर बालभत्त्याचा अर्ज लगेच करा. 2026 मध्ये तो प्रत्येक मुलामागे महिन्याला 259 युरो आहे आणि मागचे फक्त सहा महिने धरले जातात.

पहिली जागा बहुधा तात्पुरतीच असते. ती सोडताना आठवडाभर आधी टपाल खात्याकडे पत्रं नव्या पत्त्यावर वळवण्याचा सशुल्क अर्ज करा, नव्या घरी गेल्यापासून दोन आठवड्यांत बुर्गरआम्टमध्ये पत्ता बदला आणि बँक, विमा, नोकरीतला मालक, परदेशी नागरिकांचं कार्यालय यांना वेगवेगळं कळवा. वळवणी सगळ्या खाजगी टपाल कंपन्यांना लागू होत नाही, आणि काही कार्यालयं पाकिटावर "पुढे पाठवू नये" असं छापतात. म्हणून जुन्या पेटीवरचं नाव पुढच्या भाडेकरूला विचारून आणखी दोन-तीन आठवडे राहू द्या.